ऑस्ट्रेलियाचा कायदा बरा की कॅनडाचा?

तालुक्याच्या गावी बातम्यांचं छोटं पोर्टल चालवणारा मित्र परवा विचारत होता, "बातम्यांसाठी गूगल-फेसबुककडून पैसे मिळावेत असा कायदा आपल्याकडे मागायचा, तर कोणासारखा?"

आधी पात्रता. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या संहितेत वर्षाला किमान दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उत्पन्न लागतं. मित्र तिथेच बाद. कॅनडाच्या २०२३ च्या कायद्याला दोन पत्रकार पुरतात. तो आणि त्याचा वार्ताहर, झाले दोन!

पैशांची वाट मात्र पार वेगळी. ऑस्ट्रेलियात सक्तीचा लवाद आहे, म्हणजे रक्कम ठरली नाही तर तिसरा माणूस ती ठरवतो; पण त्यासाठी ही संहिता अमुक कंपनीला लागू, असं सरकारने आधी नाव घेऊन जाहीर करायला हवं. २०२४ पर्यंत एकही नाव जाहीर झालं नव्हतं. नुसत्या धाकावर करार झाले. मोठ्या समूहांना घसघशीत, छोट्यांना एकजूट करून. फेसबुकची मालक कंपनी मेटाने २०२४ मध्ये या करारांच्या नूतनीकरणाला सरळ नकार दिला. कॅनडात गूगल वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर एका सामायिक संस्थेकडे देतं आणि वाटप पत्रकारांच्या संख्येवर होतं. वकील लावून घासाघीस करायला नको.

पण धोका? ऑस्ट्रेलियात फेसबुकवरच्या बातम्या आठवडाभर बंद होत्या. कॅनडात ऑगस्ट २०२३ पासून मेटाने बातम्यांना दारच लावलं. गावच्या पेपरची लिंक टाकायला जा, पोस्टच होत नाही.

वाचक गूगलवरून येत असतील तर कॅनडाची पद्धत सोयीची. सगळी मदार फेसबुकवर असेल, तर ऑस्ट्रेलियाची, तीही संघटना पाठीशी असेल तरच. मित्राचे बहुतेक वाचक फेसबुकवरचेच आहेत.