नवी म्हणून बसवलेली यूपीएसची बॅटरी जुनीच निघाली

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, वर पत्रा. सातबारा, दाखले, केळीच्या विम्याचे फॉर्म हे रोजचं काम. लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाते, म्हणून दोन्ही कॉम्प्युटरला ६०० व्हीएचे यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारे बॅटरीचे डबे, लावलेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात दोन्हींच्या बॅटऱ्या बाद झाल्या. पुढचं सगळं सविस्तर लिहितोय, कारण ज्याने मला नव्या म्हणून जुन्या बॅटऱ्या बसवून दिल्या, त्याच माणसाने आजूबाजूच्या गावांतही अशाच बॅटऱ्या बसवल्यात, हे मला नंतर कळलं.

जळगावच्या एका दुकानाचा माणूस मोटरसायकलवर आला. पिशवीतून १२ व्होल्ट, ७ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्या काढल्या. खोकी नव्हती. विचारलं तर म्हणाला, "दादा, खोकी गाडीवर मावत नाहीत, माल एकदम फ्रेश आहे." दहा मिनिटांत बसवून मोकळा झाला. हिरवा दिवा लागला. एका यूपीएसला यूएसबी केबल आहे, त्या कॉम्प्युटरवर चार्ज १०० टक्के दिसला. दोन्हींचे २२०० रुपये, जुन्या बॅटऱ्यांचे ३०० वजा करून १९०० मी यूपीआयने दिले. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल," असं म्हणाला, म्हणून मी साध्या चिठ्ठीवर भागवलं. माझी पहिली चूक ती. दुसरी चूक म्हणजे तो समोर उभा असताना मी प्लग काढून पाहिला नाही.

पुढचे सहा आठवडे शंकाही आली नाही. लाईट गेली तरी नुसता झटकाच असायचा, तेवढ्यात कॉम्प्युटर चालू राहायचा. त्यामुळे मी निश्चिंत होतो.

मग केळीच्या विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले. बाकावर दहा-बारा शेतकरी बसलेले. एका आजोबांचा हप्ता भरत होतो. पैसे कापल्याचा मेसेज त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर आला, आणि पावती उघडायच्या आत लाईट गेली. यूपीएस बीप करू लागला. पाच-दहा मिनिटं तरी हातात आहेत या भरवशावर मी होतो. ४० सेकंदांत दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या. आजोबा पुढे वाकून म्हणाले, "भो, मना फॉर्म भराई गया का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांची पावती तिसऱ्या दिवशी निघाली. तोवर त्या घरात कुणाला झोप नव्हती. दुसऱ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क परत सुरूच झाली नाही. लोकांचे स्कॅन केलेले तीन वर्षांचे कागद त्यात होते.

गावात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरणारा एक जण आहे, त्याला बोलावलं. त्याने बॅटरी बाहेर काढून मीटर लावला : १२.७ व्होल्ट. म्हणजे दिसायला ठणठणीत. मग त्याने ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब तिला जोडला आणि मीटर तसाच धरून ठेवला. १२, ११, १०... मिनिटभरात आकडा ९ च्या खाली आणि बल्ब पिवळा. चांगली बॅटरी एवढ्या बल्बवर बराच वेळ बाराच्या आसपास राहते, असं तो म्हणाला. खरी मेख इथेच आहे. लोड नसताना थकलेल्या बॅटरीचाही व्होल्टेज नीट दिसतो, आणि स्वस्तातला यूपीएस त्या व्होल्टेजवरूनच चार्जचा अंदाज बांधतो. हिरवा दिवा, १०० टक्के, यातलं काहीही बॅटरीत दम किती आहे ते सांगत नाही.

मग त्याने बॅटरी उजेडात धरली. जिथे लग (वायरच्या टोकाच्या पकडी) बसतात त्या पत्र्याच्या पट्ट्यांवर खोल ओरखडे होते. म्हणजे या पट्ट्यांवर आधी कितीदा तरी लग चढले-उतरले होते. तारखेचा कोड पॉलिश पेपरने घासलेला. एक बाजू बोटाला किंचित फुगीर लागत होती. आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं स्टिकर, वेगळ्या रंगाचं. ३०० रुपये देऊन आपल्याकडून नेलेल्या जुन्या बॅटऱ्यांचं पुढे काय होतं, ते मला त्या क्षणी समजलं.

बॅटऱ्या बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडे होल्टेज खराब, त्याने गेली असेल. वॉरंटीत बसत नाही." वर एक सल्लाही दिला : १ केव्हीएचा (१००० व्हीएचा) यूपीएस घ्या, दोन्ही कॉम्प्युटर दोन तास चालतील. ही दुसरी फसवणूक, आणि बरेच जण हिला बळी पडतात. व्हीए म्हणजे यूपीएस किती ओझं पेलेल तो आकडा. किती वेळ पेलेल ते बॅटरी ठरवते. १२ व्होल्ट गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर, म्हणजे कागदावर ८४ वॉट तासभर. तेही २० तास हळूहळू वापरली तर; भरभर ओढली तर त्याहून बरंच कमी. कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून १२० वॉट खात असतील, तर नव्या कोऱ्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं धरा. १ केव्हीएच्या यूपीएसमध्ये अशा दोन बॅटऱ्या असल्या तरी दोन कॉम्प्युटरवर दोन तास निघत नाहीत. लेझर प्रिंटर तर यूपीएसवर लावूच नका, तापताना तो शेकडो वॉट ओढतो.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. चिठ्ठीवर बॅटरीचा सिरियल नंबर नव्हता, पण यूपीआयची नोंद होती आणि दोन स्टिकरचे फोटो होते. तिसऱ्या आठवड्यात एका बॅटरीचे पैसे परत आले. दुसरीचे अजून नाहीत.

आता घेतलेल्या बॅटऱ्या खोक्यासकट आणल्या, सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घेतला. रात्रभर चार्ज केल्या आणि सकाळी दुकानदाराला फोनवर ठेवून प्लग काढला : १७ मिनिटं. बॅटरीवर मार्करने तारीख लिहिलीय. यूपीएस पत्र्याच्या उन्हापासून खाली, भिंतीलगत आणले, कारण उष्णतेने या बॅटऱ्या फार लवकर मरतात आणि आपल्याकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. केबलवाल्या कॉम्प्युटरवर ३० टक्के चार्ज राहिला की तो आपोआप बंद होईल अशी सेटिंग केली. दर महिन्याच्या एक तारखेला, केंद्र उघडण्याआधी, प्लग काढून मिनिटं मोजतो आणि वहीत लिहितो.

त्या दोन बॅटऱ्या मी केंद्राच्या टेबलावरच ठेवल्यात, एकीचं स्टिकर अर्धं सोललेलं. कुणाला स्वतःची बॅटरी शेजारी ठेवून ओरखडे ताडून बघायचे असतील, तर घेऊन या. ट्रॅक्टरचा बल्बही इथेच आहे.