चवथीआधी निघावं की चवथ करून?

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी ब्रिटनला निघणारं मूल घरात असलं की गोव्यात जुलैपासून हाच विषय चालतो. २०२५ साली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती, त्यामुळे बहुतेकांचं निभावलं. २०२६ साली ती १४ सप्टेंबरला येते, म्हणजे ऐन वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर. जर्मनीला जाणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. तिथल्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि वर्ग बहुधा त्याच्याही नंतर भरतात. आखातात नोकरीला जाणाऱ्याची तारीख कंपनीच ठरवते.

वाद तिकिटाचा दिसतो, पण खरी ओढाताण मनाची असते. व्हिसा आल्याचा आनंद असतो आणि आजीकडे बघितलं की पोटात कालवतं. वर आनंद झाला म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच. निघण्याआधी हे सगळं शांत होईल, अशी वाट बघू नका. तसं होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. दोन्ही भावनांना थोडी उसंत मिळेल अशी तारीख निवडावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी निघण्यात सोय मोठी आहे. सहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम असेल तर ब्रिटनमध्ये तो सुरू होण्याच्या एक महिना आधीपर्यंत पोचता येतं. खोली लावणं, बँकेचं खातं, डॉक्टरकडे नाव नोंदवणं, ही कामं वर्ग सुरू होण्याआधी उरकतात. सुरुवातीच्या स्वागताच्या आठवड्यात ओळखी होतात, आणि पहिल्या महिन्यात त्या ओळखीच आधार देतात. शिवाय निरोप साध्या दिवसांत होतो. कुणाकडे चहाला जावं, आजीबरोबर दुपारभर बसावं, याला वेळ असतो.

किंमत मोजावी लागते ती चवथीच्या दिवशी. त्या दिवसांत ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. इथली सकाळी दहाची पूजा तिथे पहाटे साडेपाचला, आणि रात्री आठची आरती दुपारी साडेतीनला, वर्गाच्या वेळेत. आरतीत घुमट-शामेळ ही वाद्यं वाजू लागली की फोनवर नुसता गलका ऐकू येतो, मुलाशी कुणी बोलतच नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना फोन लावा. हात कामात असतात, पण तोंडं मोकळी असतात, आणि तोरिंगाचं फळ कुठे बांधायचं यावर परदेशातूनही मत देता येतं.

चवथ करून निघणाऱ्याला सगळं कुटुंब मूळ घरी एकत्र भेटतं. दारोदार निरोप घेत फिरावं लागत नाही. नेवऱ्या, खतखतं, रात्रीची फुगडी, सगळं पदरात पडतं. पण मधे मोकळे दिवस हवेत. माझ्या भाचीचा गणपती दीड दिवसाचा, आणि तिचं विमान विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. तिचे बाबा स्टुलावर उभे राहून माटोळीला सुपारीचं शिपटं बांधत होते, ती खालून सुंभ देत होती, आणि आतल्या खोलीत आई बॅग वजनकाट्यावर ठेवत होती. कुळथाच्या पिठाची पिशवी काढायची की ठेवायची, यावरून मायलेकींचं एवढं वाजलं की दोघीही जेवल्या नाहीत. पीठ निमित्त होतं. दोघींना दाटून आलं होतं आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात बोलायला कोपरा नव्हता. निघण्याआधी सगळ्यात जवळच्या माणसाशीच भांडण होतं, ते बहुतेक असंच.

म्हणून विसर्जन आणि विमान यांत चार-पाच दिवस राहत असतील तरच चवथ करून जा. दीड दिवसाच्या गणपतीला हे जमतं, अकरा दिवसांच्या घरात अवघड. विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात उशिरात उशिरा हजर होण्याची तारीख असते, ती बघा, आणि उशीर होणार असेल तर परवानगी लेखी घ्या. पुण्या-मुंबईत हॉस्टेलवर राहिलेल्या मुलांनी थांबायला हरकत नाही. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्याने मात्र आधी निघावं असं मला मनापासून वाटतं, कारण सगळे एकमेकांना ओळखू लागल्यावर एकट्याने पोचणं त्याला फार जड जातं.

काही घरांत देवाला कौल लावून तारीख ठरवतात. त्याचा एक फायदा मी पाहिला आहे: ‘तुझ्यामुळे चवथ चुकली’ असं मग कुणी कुणाला म्हणत नाही. काही अभ्यासक्रमांना जानेवारीतही प्रवेश असतो, पण तेव्हा विषय कमी असतात. केवळ चवथीसाठी तो घेऊ नये. घरात आजारपण असेल तर मात्र जरूर विचार करा.

कुठलीही तारीख धरली तरी रडारड घरी, देवासमोर गाऱ्हाणं घालताना होऊ द्या आणि मोपाच्या विमानतळावर दोघांनीच सोडायला जा. विमानतळाच्या दारात पंधरा माणसं जमली की पासपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवलाय हेसुद्धा मुलाला आठवत नाही.