साल्हेरचा नकाशा कसा करावा: उंचीचे पट्टे, उपग्रह की भूरूपं?

प्रबंधासाठी नाशिकच्या डोंगरांचं (म्हणजे साल्हेर किल्ल्यासारख्या डोंगरांचं) भूदृश्य-वर्गीकरण, म्हणजे सारख्या स्वभावाचे भाग पाडून नकाशा करणं, घेतलं असेल, तर आधी पद्धत ठरवा. सॉफ्टवेअरचं नंतर पाहता येतं.

उंचीचे पट्टे पाडायची पद्धत पुस्तकात सगळ्यात आधी भेटते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या चिंबोराझो शिखरावर बराच वरपर्यंत चढला आणि उंचीनुसार वनस्पती कशा बदलतात, हे त्याने एका चित्रात मांडलं. अँडीजमध्ये ते शोभतं. विषुववृत्ताजवळ वर्षभर तापमान फारसं हलत नाही; बदलतं ते चढ चढताना. म्हणून दाट जंगल, धुक्यातलं जंगल, पारामोचं (जंगलाच्या वरच्या माळाचं) गवत आणि मग बर्फ असे थर लागतात. तरी एकाच उंचीवरचा ओला पारामो आणि कोरडा पुना (अँडीजमधलाच उंचावरचा गवताळ माळ) वेगळेच. आपल्याकडे तर हे गणित कोलमडतं. इगतपुरी आणि नाशिक शहर दोन्ही साधारण ६०० मीटरवर, पण वर्षाचा पाऊस इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या घरात, नाशिकला ७०० च्या आसपास. साल्हेरचा माथाही १५६७ मीटरच. ही पद्धत इथे घेऊ नका.

दुसरी वाट उपग्रहाची. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत, १० मीटरची (एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे १० मीटर), साधारण पाच दिवसांनी नवी. पावसाळ्यात मात्र ढगच ढग. आकाश मोकळं होतं तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेकडचे कडे सावलीत बुडतात. मार्चमध्ये वाळलेलं गवत आणि पडीक शेत संगणकाला सारखंच दिसतं. रडार उपग्रह ढगांतून पाहतो, पण तीव्र उतारावर चित्र वेडंवाकडं होतं.

माझा कौल भूरूपांना, म्हणजे जमिनीच्या आकारांना. बेसाल्टच्या थरांनी इथे पायऱ्या पाडल्यात: कडा, पायरी, माथ्याचं पठार, घळ, पायथ्याचा उतार. प्रत्येकाची माती आणि पाणी वेगळं, म्हणून गवत-झाडंही वेगळी. पश्चिमेकडचा शेतकरी भाताचं खाचर आणि नागलीची वरकस (उताराची, हलकी) जमीन याच जाणिवेने वेगळी ठेवतो. त्याला जरूर विचारा. पापुआ न्यू गिनीच्या उंच डोंगरांतही ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी हवाई छायाचित्रं आणि पायपीट यांतून असेच भूभाग आखले होते. अडचण एकच: दोन वेगळ्या माणसांनी आखलेल्या सीमा जुळत नाहीत. म्हणून उताराचे अंश आधीच लिहून ठेवा. ३० मीटरच्या उंची-प्रतिमेत (जिच्या प्रत्येक चौकोनात जमिनीची उंची नोंदलेली असते) उभा कडा एक-दोन चौकोनांत दबतो आणि उतार कमी दिसतो; तो १:५०,००० च्या टोपोशीटवरून (समोच्च रेषांच्या सरकारी नकाशावरून) तपासा.

सीमा भूरूपांवरून आखा, आत काय उगवलंय ते सेंटिनेलवरून भरा. हाताशी एकच हंगाम असेल, तर एकच डोंगररांग घ्या आणि ती पायी पालथी घाला.