मोबाईलवरची बातमी, गावातून पाहिलेली : पाण्याला चार गुण, माणसांना एक

सांगली-सातारा पट्ट्यातल्या गावात आज बातमी मुख्यतः तीन वाटांनी येते: गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तालुक्याचं यूट्यूब पोर्टल आणि फोनमध्ये आधीपासूनच असलेली छोट्या बातम्यांची अ‍ॅप्स. तिन्ही फुकट आहेत. तिन्ही मिळून ही एकच सेवा आहे असं धरून हे परीक्षण केलं आहे. पाणी-पावसाच्या बातमीला आम्ही पाचपैकी चार गुण देतो, बाजारभावाला अडीच आणि माणसांबद्दलच्या बातमीला एक.

आधी चांगलं सांगतो. जिथे आकडा मोजता येतो तिथे या सेवेला तोड नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. आता पावसाळ्यात पुलाजवळची पातळी तासातासाला ग्रुपवर येते आणि गोठ्यातली जनावरं कधी हलवायची, नदीवरची पाण्याची मोटार कधी काढायची हे त्यावर ठरतं. गडबड होते ती विसर्गाच्या, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या बातमीत. ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक’ एवढंच लिहिलेलं असतं. कधीपासून, किती वेळ, हे नसतं. हिशेब सोपा आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ५० हजार क्युसेक पूर्ण दिवस चालू राहिलं तर साधारण ४.३ टीएमसी, तेही १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या धरणातून. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि मग खाली सांगलीकडे निघतं. वेळ गाळून नुसता आकडा फिरला की रातोरात कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं, असा समज गावात पक्का होतो. मग पाऊस किती झाला, धरणात जागा किती उरली होती, हे कुणी विचारतच नाही.

बाजारभावाचंही तसंच, फक्त इथे राग जवळच्या माणसावर निघतो. बाजार समितीच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, शेजारी आवक असते. मथळ्यात येतो तो कमाल दर. बऱ्याचदा तो मुहूर्ताच्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या सौद्यातल्या एखाद्याच ढिगाचा असतो. हळदीला विक्रमी दर मिळाला असं ऐकून शेतकरी पोती घेऊन सांगलीला येतो, त्याच्या मालाला सर्वसाधारण दर लागतो, आणि अडत्यानं बुडवलं असं मनात घेऊन तो परततो. अडत्या खरोखर बुडवतही असेल, पण ते ओळखायचं तर सर्वसाधारण दर, मालाची प्रत, ओलावा आणि कापलेला खर्च बघावा लागतो. बेदाण्याच्या सौद्याच्या बातमीतही हेच होतं. त्या दिवशी किती माल आला आणि त्यातला किती त्या दरानं गेला, हे न सांगणाऱ्या बातमीला दराची बातमी म्हणू नये.

आता माणसांबद्दलच्या बातमीकडे. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते भिक्षुकी करणारे नाथपंथी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या जतच्या अगदी शेजारच्या तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशच्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. पंढरपूरला निघालेले ते साधू एका मुलाला रस्ता विचारत होते. पिढ्यान् पिढ्या वारी, जत्रा आणि दारात येणारा गोसावी पाहिलेल्या मुलखात हे घडलं, हे आम्हाला सगळ्यात जास्त लागतं.

हे घडण्यामागे एकटी अफवा नसते. तिच्याआधी महिनोन् महिने बातम्यांचा एक थर साचलेला असतो. दुसऱ्या राज्यातली चोरी, कुठल्याशा शहरातला खून, सीसीटीव्हीचा तुकडा, खाली लाल पट्टी आणि थरारक संगीत. गावाचं नाव शेवटच्या सेकंदाला येतं, किंवा येतच नाही. बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र अंतर उरत नाही, सगळं इथेच चाललंय असं वाटतं. मग एसटी स्टँडवरचा अनोळखी माणूस, पाल ठोकून राहिलेलं कुटुंब, वेगळ्या धर्माचा फेरीवाला यांच्याकडे बघायची नजर बदलते. मुलीला विट्याला किंवा मिरजेला कॉलेजला पाठवायचं की नाही, ही चर्चाही अशा क्लिपवर घसरते. ज्या फाट्यावरून मुलगी खरोखर जाते, तिथे दिवा आहे का, शेवटची गाडी किती वाजता, हे त्या चर्चेत येत नाही.

पोर्टल चालवणाऱ्यालाच दोष देऊन भागणार नाही. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. ग्रामसभेचं चित्रण करून ते तास भरत नाहीत, मारामारीनं भरतात. उरलेला पैसा वाढदिवसाच्या आणि सणांच्या शुभेच्छांच्या जाहिरातींतून येतो आणि त्या देणारे गावातले पुढारीच असतात. बऱ्याच ठिकाणी बातमी करणारा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस एकच. त्यामुळे टेंभू उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याची पाळी, लांबलं तर बातमी होते, पण गावातल्या पाणीपुरवठ्याच्या टाकीचं बिल दोनदा निघालं तर होत नाही. गावाला दूरच्या गुन्हेगाराची माहिती जास्त आणि आपल्या पंचायतीच्या खर्चाची कमी, असं हे उलटं झालंय.

वापरायचीच असेल तर अशी वापरा. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलेला असतो. लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही. व्हिडिओ थांबवून गाडीची पाटी वाचा: सांगली एमएच १०, सातारा ११, कराड ५०. दुकानाच्या पाटीवरची भाषा बघा. एक चित्र स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर टाका, जुना व्हिडिओ बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो. पेपरच्या कात्रणात तारीख आणि आवृत्तीची ओळ कापलेली असेल तर ते पुढे पाठवू नका. ‘लाईव्ह’ लिहिलेल्या पुराच्या व्हिडिओखाली अपलोडची तारीख तपासा.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर दोन कामं करून द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटात जाऊन व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. यूट्यूबवर भडक पोर्टलच्या व्हिडिओशेजारचे तीन ठिपके दाबून ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ निवडा. एकदा करून भागत नाही, आठवडाभर रोज करावं लागतं, तेव्हा कुठे समोर येणारी यादी बदलते. आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज येताच ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा, पोलीस पाटलांना फोन करा आणि त्यांनी जे सांगितलं ते तारीख-वेळेसह त्याच ग्रुपवर टाका.