मरीन प्लायच्या नावाखाली साधा प्लाय गळ्यात मारला

उजनीच्या पाण्यावर आपल्या हाताने बांधलेली शिडाची होडी घालायची, हे माझं आणि पोराचं दोन वर्षांचं वेड. काम तसं सोपं. ६ मिलीमीटर प्लायचे तुकडे कापायचे, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांध्यांवर इपॉक्सी आणि फायबरग्लासची पट्टी. डोलकाठी बांबूची, शीड ताडपत्रीचं.

सोलापुरातल्या एका वखारीतून चार शीट आणल्या. "मरीन आहे साहेब, ७१० चा शिक्का बघा की." मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या आयएस ७१० या मानकाचा शिक्का होता, आयएसआयची खूणही होती. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी पडंल, उगं कशाला?" मी ऐकलं. हातात आली ती कच्ची चिठ्ठी: '८ बाय ४ प्लाय, ४ नग'. मरीन हा शब्दच नाही.

दिवाळीनंतर करमाळ्याच्या बाजूला होडी उतरवली. तिसऱ्या रविवारी तळाच्या रंगाला फुगे दिसले. अंगठा दाबला तर आत गेला. चाकूचं टोक घातलं आणि पोळीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर हातात आला. आतल्या थरांत बोटभर फटी. पोरगा काहीच बोलला नाही. सगळे टाके त्याने घातले होते.

मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, ते याच पाण्यात. आमचा तळ मध्यावर सुटला असता तर? आजही अंगावर काटा येतो.

वखारवाला म्हणाला, "प्लाय पाण्यात घालतं का कुणी?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, पण पुरावा म्हणून दाखवायला ती चिठ्ठीच.

उरलेला तुकडा घरी उकळला, तासाभरात थर सुटले. आयएस ७१० चा प्लाय ७२ तास उकळूनही सुटता कामा नये. त्यात फिनॉलचा गडद डिंक असतो, स्वस्त प्लायमध्ये युरियाचा, तो उकळत्या पाण्यात टिकत नाही. कडेला डिंकाच्या रेघा गडद दिसल्या म्हणून भुलू नका, रंग मिसळता येतो. आयएसआयच्या खुणेबरोबर सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाच्या परवान्याचा नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. माझ्या शीटवर नंबरच नव्हता, आणि मी बघितलाही नव्हता. पक्क्या बिलावर 'आयएस ७१०' लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी वीतभर तुकडा मागून घरी उकळा.

आमचा नवा तुकडा काल सकाळपासून शेगडीवर आहे. पोरगा तासातासाला कड नखाने तपासतोय.