जुन्या गाडीच्या वायरिंगसाठी डीसी क्लॅम्प मीटर: दोन वर्षांच्या वापरानंतर

वापरलेली जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर तिची विजेची दुखणीही येतात, आणि ती सहसा एकेकटी येत नाहीत. माझ्या गाडीची बॅटरी तीन-चार दिवस उभ्या उभ्या उतरत असे, सकाळी सेल्फ कण्हत कण्हत फिरत असे आणि मागचा एक दिवा मनाला येईल तेव्हाच लागत असे. आधीच्या मालकाने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. मी गाडी घेतल्यावर एका गॅरेजने तिसरी बदलायला लावली, आणि चौथ्याच दिवशी तीही उतरली. अंदाजाने सुटे भाग बदलत राहण्यापेक्षा मोजून पाहावे, असे तेव्हा ठरवले आणि डीसी क्लॅम्प मीटर घेतला. दोन वर्षे तो सतत वापरल्यावर त्याबद्दल जे मत झाले ते येथे मांडतो. या दर्जाचे मीटर अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे एखाद्या मॉडेलपेक्षा या प्रकारच्या साधनाचाच विचार करणे वाचकाला जास्त उपयोगी पडेल.

क्लॅम्प मीटर म्हणजे नेहमीच्या मल्टिमीटरला उघडझाप करणारा जबडा. वायर न तोडता तिच्याभोवती जबडा बंद केला की तिच्यातून वाहणारा करंट पडद्यावर दिसतो. खरेदी करतानाच एक मोठी चूक होऊ शकते, आणि ती होते: स्वस्त क्लॅम्प मीटरांपैकी पुष्कळसे जबड्याने फक्त एसी करंट मोजतात, कारण त्यांच्या जबड्यात एक साधा ट्रान्सफॉर्मर असतो. गाडीतला करंट डीसी असल्यामुळे असा मीटर तेथे शून्यच दाखवतो. डीसी मोजणाऱ्या जबड्यात चुंबकत्व ओळखणारा हॉल सेन्सर असतो. डायलवर अँपिअरच्या खुणेशेजारी फक्त नागमोडी रेघ आहे, की खाली तुटक रेघ असलेली सरळ रेघही आहे, एवढे पाहून घेतले तरी ही फसगत टळते. पाकिटावर डीसी व्होल्टचा उल्लेख असणे पुरेसे नाही. डीसी अँपिअर हवेत.

माझ्या मीटरला ६० आणि ६०० अँपिअर असे दोन टप्पे आहेत, आणि लहान टप्प्यावर तो ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवतो. बॅटरी उतरण्याचा शोध मी यानेच घेतला. चावी काढली, दरवाजाची कडी स्क्रूड्रायव्हरने आत दाबून दरवाजा बंद असल्याचा भास गाडीला करून दिला, बोनेट उघडे ठेवले आणि अर्धा तास थांबलो, कारण चावी काढल्यावरही कंट्रोल युनिटे, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, काही वेळ जागी असतात आणि तेवढ्यात मोजलेला आकडा दिशाभूल करतो. मग निगेटिव्ह टर्मिनलवर येणाऱ्या सर्व वायरी एकत्र जबड्यात घेतल्या. त्यांतली एक जरी बाहेर राहिली तरी मोजणी अपुरी होते. आकडा आला ०.४४ अँपिअर. उभ्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढू नये. ०.४४ अँपिअर म्हणजे दिवसाला साडेदहा अँपिअर-तास, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ पाऊण रिकामी. तिन्ही बॅटऱ्या निर्दोष होत्या, हे मला त्या एका आकड्याने कळले.

त्यानंतर एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजवर आकडा ०.४४ वरून ०.०३ वर आला, आणि त्या फ्यूजवर डिकीचा दिवा होता. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून डिकी बंद केली, तर आतला दिवा तसाच जळत होता. कुलपातला स्विच झिजला होता. पाच वॉटचा एक बल्ब, आणि त्यापायी तीन बॅटऱ्या. (फ्यूज काढल्याने झोपलेली युनिटे पुन्हा जागी होण्याची शक्यता असते. तसे होत असेल तर फ्यूज जागेवरच ठेवावा आणि त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोके, लावून मिलिव्होल्ट मोजावेत. ज्या फ्यूजमधून करंट वाहत असेल त्यावरच आकडा दिसतो.)

ज्या कामासाठी बहुतेक लोक हा मीटर घेतात, त्याच कामात त्याची एक मर्यादा आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. पडद्यावर ०.०३ दिसते म्हणून ते ०.०३ च असते असे नाही. या वर्गातल्या मीटरांच्या माहितीपत्रकात अचूकता काही टक्के अधिक काही अंक अशी दिलेली असते, आणि शेवटच्या स्थानातला पाच-दहा अंकांचा फरक म्हणजे ०.०५ ते ०.१० अँपिअर. जी ०.०५ अँपिअरची मर्यादा तपासायची तिच्याएवढीच चूक! शिवाय हॉल सेन्सर जवळच्या चुंबकत्वाने हलतो, त्यामुळे मोजण्याआधी जबडा वायरीजवळ त्याच दिशेत धरून आकडा शून्यावर आणणारे झीरोचे बटण दाबावे लागते, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा दाबावे लागते. यावर मला उपयोगी पडलेली युक्ती अशी: निगेटिव्ह टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये एक लांब वायर जोडावी आणि तिचे दहा वेढे जबड्यातून घ्यावेत. आकडा दहापट दिसतो, आणि त्याला दहाने भागले की ३० आणि ५० मिलिअँपिअरमधला फरक विश्वासाने सांगता येतो. ही वायर जोडलेली असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये.

सेल्फच्या दुखण्यात या साधनाचे खरे मोल कळले. इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन चालू न होता सेल्फ फिरत राहील, आणि मदतनीसाला चार-पाच सेकंद चावी धरायला सांगितली. बॅटरीच्या खुंट्यांवर १०.६ व्होल्ट होते. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या वर राहिले तर बॅटरी ठीक समजतात, म्हणजे दोष पुढे कोठेतरी होता. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा चावी फिरवली, तर तेथे १.४ व्होल्ट दिसले. या दोन टोकांमध्ये जवळजवळ काहीच दिसायला नको; ०.२ व्होल्टपर्यंत चालते. जबडा १४० अँपिअर दाखवत होता. १.४ भागिले १४० म्हणजे ०.०१ ओहम. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजली होती, आणि ती एवढासा अडथळा करून सेल्फच्या वाट्याचे जवळजवळ दीड व्होल्ट खात होती.

हाच दोष ओहमच्या रेंजवर शोधायला गेलो असतो तर कधीच सापडला नसता, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो. वायर अखंड आहे असे सांगणारा कंटिन्युइटीचा बीप तर त्या गंजलेल्या पट्टीवरही आनंदाने वाजतो. जुन्या गाडीत ‘बीप वाजला म्हणजे वायर चांगली’ असे समजून कित्येक चांगले सेल्फ आणि बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर उतरवले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वायर पूर्ण भारावर असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात हे मोजणे हीच विश्वासाची चाचणी आहे, आणि भार किती आहे हे सांगणारा जबडा त्याच हातात असल्यामुळे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतात.

मागच्या दिव्याने मात्र मला मीटरपासून सावध राहायलाही शिकवले. बल्ब काढून होल्डरमध्ये मोजले तर १२.४ व्होल्ट, बल्ब लावला तर तो पेटत नाही. मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असल्याने तो वायरीतून नगण्य करंट घेतो, आणि सगळे तंतू तुटून एकच हिरवट पडलेला तंतू उरला असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या तंतूतून जात नाहीत. बल्ब जागेवर ठेवून मागून प्रोब लावला तेव्हा आकडा २ व्होल्टच्याही खाली आला. डिकीच्या झाकणात जाणाऱ्या वायरी ज्या रबरी नळीतून वळतात, तेथेच वायर आतून तुटली होती. म्हणून मी आता मीटरबरोबर दोन वायरी जोडलेला २१ वॉटचा बल्बही ठेवतो, आणि असा मीटर घेणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावा. एक अपवाद कायम पाळावा: पिवळ्या कनेक्टरांच्या एअरबॅगच्या वायरिंगला ना बल्ब लावावा, ना मीटर.

अल्टरनेटरसाठी मीटर पुरेसा आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट पाहावेत आणि मग तीच जागा एसी व्होल्टवर मोजावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर अल्टरनेटरमधला, एसीचे डीसी करणारा डायोड गेल्याचा संशय घ्यावा.

तक्रारी थोड्या आहेत, पण रोज जाणवतात. जबडा एवढा जाड आहे की फ्यूज बॉक्समागच्या दाटीत तो शिरत नाही. सोबत आलेले प्रोब बोथट होते. कनेक्टरच्या मागून घालायच्या बारीक सुया वेगळ्या घ्याव्या लागल्या. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, आणि जेथे गाडी झोपण्याची अर्धा तास वाट पाहायची असते तेथे झीरो केलेली स्थिती त्याबरोबर निघून जाते. माझ्या मीटरवर एक बटण दाबून धरत डायल फिरवला की हा प्रकार थांबतो, पण ते माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत शेवटी सापडले. आणि आकडा सेकंदाला दोन-तीन वेळाच बदलत असल्यामुळे, खड्ड्यातून जाताना क्षणभर तुटणारे लूज कनेक्शन त्याला दिसत नाही. वायरी हातांनी हलवत अशी जागा शोधताना मी मीटर बाजूला ठेवतो आणि बल्बची वात कधी थरथरते ते पाहतो.