गावभागातला जुन्या जीपांचा मिस्त्री: काम एक नंबर, तारीख मात्र विचारू नका

सांगलीत कुणाकडं जुनी विलीज नायतर महिंद्राची सीजे धूळ खात पडली असेल तर हे वाचा. बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचलं तरी चालेल.

आधी गाडी सांगतो. महिंद्रा सीजे-थ्री-बी, १९६८ ची, तासगावच्या आमच्या मित्राच्या आजोबांनी घेतलेली, आयुष्यभर द्राक्षबागेत औषधाचे ड्रम वाहिले तिनं. ही उंच बॉनेटवाली. त्या हरिकेन इंजिनात इनटेकचे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यानं इंजिन उंच झालं आणि ते मावेना म्हणून बॉनेट उचललं, एवढीच त्या नाकाची गोष्ट. अमेरिकेत हे मॉडेल ६८ लाच बंद झालं, आपल्याकडं मात्र पुढं कितीतरी वर्षं निघत राहिलं. आम्ही चौघं, एक द्राक्षवाला, एक बँकेतला, एक शाळेत शिकवतो आणि मी मोटर रिवाइंडिंगवाला. २०२१ मध्ये डकार रॅलीत, म्हणजे सौदीच्या वाळवंटात होणाऱ्या मोठ्या शर्यतीत, क्लासिक गट सुरू झाला ना, जुन्या गाड्यांचा, त्याचे व्हिडिओ बघून बँकवाल्याच्या डोक्यात किडा शिरला आणि ठरलं की सौदी राहू दे, जैसलमेरकडच्या वाळूत हौशी लोकांसाठी एक रॅली असते तिथं आजोबांची जीप न्यायची.

आता मिस्त्री. गावभागात आत गल्लीत शेड आहे, बोर्ड नाही, भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर. तेव्हापासून चांगली इंजिनं आणि गिअरबॉक्स वर माळ्यावर ठेवतात, खाली फक्त पुरात गेलं तरी चालेल असलं सामान. माणूस साठीच्या पुढचा, बोलतो कमी. पहिल्या दिवशी आम्ही मोठी यादी घेऊन गेलो, बोलेरोचं टर्बो डिझेल इंजिन टाकायचं, रुंद टायर, लिफ्ट किट, पुढं विंच. त्यांनी यादी वाचली पण नाही, चहा सांगितला आणि म्हणाले, "मालक, वाळूत जाणार का चिखलात?" वाळूत म्हटल्यावर म्हणाले, "मग हे डिझेलचं धूड नाकावर ठेवून काय करताय, पहिल्याच टेकडीत नाक रुतंल. हाय ते पेट्रोल ठेवा. सत्तर घोडं लय झालं, वजन काढा."

खरं सांगतो, त्या दिवशी आम्ही जरा नाराजच बाहेर पडलो. गावातल्या बहुतेक सीजेंत लोकांनी डिझेल बसवून टाकलंय, आमची ओरिजिनल राहिली ती योगायोगानं, आणि हा बाबा म्हणतो काहीच बदलू नका. पण चार ठिकाणी फिरून शेवटी तिथंच आलो, कारण बाकी सगळे काय काय बसवायचं तेच सांगत होते आणि काय बसवू नका हे सांगणारा हा एकटाच.

एक नमुना सांगतो. त्याआधी महिनाभर आमची जीप गरम होत होती. तासगावच्या पलीकडं येरळेच्या कोरड्या पात्रात ट्रायल घ्यायचो, वाळू मस्त आहे तिथं, पण दहा मिनिटांत पाणी उकळायला लागायचं. वाळूत असं होतंच, गाडीचा स्पीड वीस-पंचवीस आणि इंजिन बोंबलतंय, समोरून वारा नाही, सगळी मदार फॅनवर. एका दुकानात (नाव घेत नाही, सांगलीतलं नाही एवढंच) रेडिएटर बाद झालाय म्हणून सांगितलं आणि १४ हजारांचा नवीन गळ्यात मारला. तरी पाणी उकळतंयच! मिस्त्रींनी रेडिएटरकडं बघितलंच नाही, ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं, ठोकून काढले आणि आत तार घातली. मी समोर उभा होतो, आतून गंजाचा लाल चिखल निघाला, भिजवलेल्या विटेच्या चुऱ्यासारखा, घमेल्याचा तळ झाकला त्यानं. पन्नास वर्षं बागेतल्या विहिरीचं क्षाराचं पाणी पिलंय त्या इंजिनानं. "पाणी फिरतंच नाय तर रेडिएटर काय करणार," एवढंच बोलले. मग फॅनभोवती पत्र्याचं कडं करून बसवलं, म्हणजे फॅन सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढतो, इकडून तिकडून नाही. प्लग, पत्रा, मजुरी धरून २२०० रुपये. परत येरळेत गेलो, पाऊण तास रगडली, काटा हलला नाही. १४ हजारांचं मी घरी अजून सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट इंची पान्यांची. या गाडीचे नटबोल्ट इंचात, आपल्याकडच्या मिलिमीटर पान्यानं डोकी गोल होतात. यांच्याकडं सुताच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापाचा जुना सेट आहे आणि पोऱ्यांना "साडेचार सुती दे" म्हटलं की बरोबर नऊ-सोळांश इंचाचा पाना हातात येतो. आणि आमच्या गाडीला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत, नटवर बारीक एल मारलेला असतो. हे आम्हाला कधी कळलं तर एका पंक्चरवाल्यानं पाइप लावून, अंगावर उभा राहून नट "सोडवत" दोन स्टड मोडले तेव्हा. तो बिचारा जोर लावून आवळत होता. मिस्त्रींनी लेथवरून उलट्या आट्याचे स्टड करून आणले आणि डाव्या मडगार्डवर ऑइलपेंटनं बाण काढून दिला. आता रॅलीत कुणी मदतीला धावून आला तरी भीती नाही.

टायरचं पण त्यांचंच ऐकलं. ओरिजिनल मापाचे बारीक, सोळा इंची, ट्यूबवाले. वाळूत हवा कमी करायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण ट्यूब असेल तर फार उतरवायची नाही, नाहीतर टायर रिमवर घसरतो, ट्यूबला बरोबर ओढतो आणि व्हॉल्व मुळातून तुटतो. आम्ही एकदा १२ पीएसआयवर नेली आणि व्हॉल्व गेला, मग १७-१८ वर थांबलो. डिफ्रन्शल ५.३८ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सव्वापाचच्या वर फेरे, ताकद जास्त आणि स्पीड कमी, त्यामुळं ऐंशीच्या पुढं गाडी अक्षरशः रडते, बँकवाला म्हणत होता बदलूया. मिस्त्री म्हणाले वाळूत तोच तर तुमचा देव. खरंच, लो गिअर टाकला की चढणीवर गाडी मुंगीसारखी जाते.

आता जिथं मार्क कापणार ते. सेफ्टी हा विषय त्यांच्या डोक्यातच नाही. या मॉडेलला पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे माणूस चाळीसेक लिटर पेट्रोलवर बसून उड्या मारणार. टाकी मागं घेऊन मधे पत्र्याची भिंत घालायची म्हटलं तर त्यांचं उत्तर, "मिलिट्रीनं चालवल्या की अशाच." आणि रोलकेजला, म्हणजे पलटी झाल्यावर माणसं वाचवणाऱ्या पाइपच्या पिंजऱ्याला, म्हणाले खुर्च्यांचा पाइप चालतोय, मजबूत असतोय. तो शिवणीचा पाइप, गाडी पलटी झाली की शिवणीतच फाटणार. रॅलीच्या नियमात सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, लागतो, मेन कमान ४५ मिलिमीटरची, अडीच मिलिमीटर जाडी, बाकीचे ३८ चे. इथं आम्ही ऐकलं नाही. केज आणि टाकी दोन्ही कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं, पाइपची तोंडं माशाच्या तोंडासारखी कापून नीट बसवून वेल्डिंग. खर्च केजचाच जास्त झाला, पण यात काटकसर नको. तेव्हा इंजिन, गिअर, चासी, पाटे यांच्याकडं, आणि जीव वाचवायचं सामान दुसरीकडं, अशी सरळ वाटणी करा.

आणि वेळ. बाप रे. सहा आठवडे म्हणाले होते, पाच महिने लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या या". उद्या गेलं की गाडी जॅकवर आणि मिस्त्री हरिपूरला कुणाच्यातरी जेवणाला. मधे गणपती आले, आठ दिवस शेड बंद. मी एकदा जरा आवाज चढवला तर त्यांनी शांतपणे गिअरबॉक्समधला घासलेला सिंक्रो (गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेली रिंग) माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे तसंच घालून देऊ? मग आज नेता येईल." गप्प बसलो. बिल मात्र चोख, जुना पार्ट परत देतात, वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, इंजिन आणि गिअरबॉक्सची मजुरी मिळून ३८ हजार घेतली. घासाघीस करू नका, उपयोग नाही.

पेट्रोल लाइनचं थोडक्यात सांगतो. पंप इंजिनलाच चिकटलेला, उन्हात लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर माळावर बंद. जतच्या माळावर एप्रिलमध्ये दोनदा झालं, ओलं फडकं टाकून चालू केली. आता टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, त्याचं वायरिंग माझं, त्यामुळं तारीफ करत नाही.

टेम्पोत जीप चढवली त्या दिवशी मिस्त्री स्वतः आले, न बोलवता. डालड्याच्या जुन्या डब्यात फॅनबेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, उलट्या आट्याचे चार नट आणि साडेचार सुती पाना देऊन गेले. पाना परत आणून द्यायचा, असं तीनदा बजावलं.

पाचपैकी चार. सोमवारी बंद असतं, आणि अकराच्या आत जाऊ नका. आमचा जुना डायनामो अजून त्यांच्या माळ्यावर आहे, कुणी गेलात तर आठवण करा, मी विचारलं की "उद्या" म्हणतात.